कार्डधारक आणि एक सोबती

काचघराच्या दारावर निशिकांत टिपणीस नेहमी 'टू' म्हणत. दारावरची मुलगी पास यंत्रापुढे धरायची, मान वर न करता विचारायची, "हाऊ मेनी, अंकल?" आणि ते म्हणायचे, "टू." मग ती दोन गोल हिरवे स्टिकर काढून त्यांच्या तळहातावर ठेवायची. एक ते शर्टाच्या खिशावर चिकटवत, दुसरा हातातल्या छत्रीच्या मुठीला. छत्री त्यांची नव्हती, मीनलताईंची होती. आणि मीनलताई गेल्या ऑगस्टमध्ये वारल्या होत्या.

याला काय म्हणतात हे टिपणीसांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची सगळी नोकरी एका बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षणात गेली होती. आधी मुंबईत, मग सिंगापुरात. दुसऱ्याच्या नावावर सवलत घेणाऱ्या माणसांवर त्यांनी अहवाल लिहिले होते, आणि त्यातल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांचं वर्णन 'तडजोड न करणारे' असं केलं, तेव्हा सभागृहात टाळ्या थोड्या उशिरा वाजल्या.

पास होता सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या एका ब्लॉकखालच्या वाचनालयाचा. रहिवाशांनी चालवलेलं, दोन खोल्यांचं. बाहेर म्हातारे बुद्धिबळ खेळत बसत आणि आत मुलं अभ्यास करण्याच्या निमित्ताने एसी खात. कुणा देणगीदाराने या वाचनालयाला शहरातल्या काही ठिकाणांचे पास घेऊन दिले होते: हे झाडांचं, आत थंड हवा राखलेलं काचघर, एक पक्षी उद्यान, नदीकाठचं एक छोटं संग्रहालय. सिनेमाच्या डीव्हीडी आता कुणी नेत नाही म्हणून त्यांचे रिकामे डबे उरले होते, त्यात हे पास ठेवले होते. पुस्तक न्यावं तसा डबा न्यायचा, आठवड्याने परत करायचा. डब्याच्या आत नियम चिकटवला होता. प्रवेश दोघांना, कार्डधारक आणि एक सोबती. कार्डधारक स्वतः हजर हवा.

कार्ड मीनलताईंचं होतं. टिपणीसांनी स्वतःचं काढलंच नव्हतं. वाचनालय उघडलं त्या दिवशी मीनलताई फॉर्म भरत होत्या, काउंटरवरच्या बाईंनी दुसरा फॉर्म पुढे केला, आणि टिपणीसांनी तो तितक्याच सभ्यपणे मागे सरकवला.

"एका घरात दोन कार्डं कशाला?" ते म्हणाले.

"फुकट आहे हो," मीनलताई म्हणाल्या.

"म्हणून काय झालं?"

हे त्यांना ठाण्याने शिकवलं होतं. ठाण्याला त्यांच्या घरी वाचनालयाचं कार्ड आजोबांच्या नावावर होतं. निशिकांत चौथीत असताना आजोबा गेले. त्यानंतर निशिकांतची शाळा संपली, कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि एवढ्या सगळ्या काळात आजोबा दर आठवड्याला दोन पुस्तकं नियमित वाचत राहिले. हयातीत ते फक्त चरित्रं वाचायचे. गेल्यानंतर त्यांची आवड बरीच मोकळी झाली. रहस्यकथा, दिवाळी अंक, मधल्या काळात पाककृतीसुद्धा. काउंटरवरच्या साठ्यांना सगळं माहीत होतं. "ही आजोबांना आवडेल," असं म्हणत ते एखादी कादंबरी टेबलाखालून काढून द्यायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कार्ड माणसाचं नसतं, घराचं असतं, आणि घर काही वारत नाही.

तर बेडोकमध्येही घराला एक कार्ड होतं आणि ते मीनलताईंचं होतं. नियमाच्या भाषेत टिपणीस 'सोबती' होते. त्यांना ते पद आवडलं होतं. त्यात जबाबदारी नव्हती.

जबाबदारी सगळी मीनलताईंची. त्या ठाण्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या. नवऱ्याची बदली झाली तेव्हा शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. बागेत गेल्या की प्रत्येक पाटीपुढे थांबायच्या आणि पाटी मोठ्याने वाचायच्या, मराठीत. इंग्रजी मजकूर डोळ्यांनी घ्यायचा आणि तोंडाने मराठी काढायची. "हा बघा नेचा. पण झाडाएवढा." "ही घटपर्णी. माश्या खाते. तुमच्या खात्यात शोभली असती." सुरणाच्या जातीचं एक अवाढव्य फूल फुललं होतं आणि लोक नाक दाबून फोटो काढत होते, तेव्हा त्यांनी सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हा आपल्या सुरणाचा थोरला भाऊ," अशी ओळख करून दिली. आसपास मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभा होता.

एका फांदीवर दुसरंच काहीतरी वाढलेलं होतं. तिथली पाटी वाचून त्या म्हणाल्या, "हे दुसऱ्या झाडावर राहतं, पण त्याचं काही खात नाही. नुसता आधार घेतं. तुमच्यासारखं."

"मी पेन्शन आणतो," टिपणीस म्हणाले.

"म्हणून तर म्हटलं, काही खात नाही."

आजारपण लांबलं नाही, इतकंच त्याबद्दल बरं बोलता येईल. शेवटच्या वेळी त्या चाकाच्या खुर्चीतून काचघरात गेल्या. आवाज बसला होता. पाटीपुढे खुर्ची थांबवली की त्यांचे ओठ हलत, टिपणीस वाकून ऐकत आणि मान डोलावत. त्या दिवशी टिपणीसांनी प्रत्येक पाटीपुढे खुर्ची थांबवली. पहिल्यांदाच.

या शहरात माणूस गेला की कागदोपत्री जायला त्याला फार वेळ लागत नाही. टिपणीसांनी एकेक काम रीतसर उरकलं. बँकेचं खातं, विमा, डॉक्टरांच्या भेटींच्या तारखा, प्रवासाचं कार्ड. मोबाइलचा नंबर बंद करताना पलीकडच्या तरुणाने, सेवेबद्दल समाधानी आहात का, असं विचारलं. टिपणीसांनी पाचपैकी चार गुण दिले. नातेवाइकांचे फोन येत होते, 'काका, काही मदत लागली तर सांगा' म्हणत होते, पण खरं तर मदत लागावी असं त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

वाचनालय शेवटी राहिलं होतं. मीनलताईंनी नेलेलं पुस्तक आणि काचघराचा डबा घेऊन ते एका शनिवारी ब्लॉकखाली गेले. सांगायचं वाक्य वाटेत तयार केलं होतं. काउंटरवर नेहमीच्या मदाम रोझनाह नव्हत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी कुणी कॉलेजातली स्वयंसेविका बसली होती. तिने पुस्तक घेतलं, डबा घेतला, दोन्हीवर यंत्र फिरवलं आणि वाक्य सुरू व्हायच्या आत विचारलं, "सेम पास अगेन, अंकल?"

टिपणीस म्हणाले, "यस."

काचघराच्या दारावर 'टू' हा शब्दही तसाच निघाला. तोंडाला वळण पडलेलं होतं. पहिल्या वेळी चूक, दुसऱ्या वेळी निष्काळजीपणा, तिसऱ्या वेळेपासून हेतू, हे वर्गीकरण त्यांनी स्वतःच एके काळी नव्या मुलांना शिकवलं होतं. ते तिसऱ्याच्या केव्हाच पुढे गेले होते. आत जाऊन ते फार काही बघत नसत. धबधब्यासमोरच्या बाकावर बसत, छत्री शेजारी ठेवत, थंडी वाजू लागली की उठत. पाट्या वाचत नसत. मदाम रोझनाह कामावर परतल्या तेव्हा त्या सकाळच्या पाळीला असतात हे टिपणीसांनी चौकशी करून जाणून घेतलं आणि ते दुपारी जाऊ लागले.

छत्रीची मूठ हळूहळू हिरवी झाली. वरचा स्टिकर, त्याखाली अर्धा, त्याखाली त्याहून जुना.

टॅम्पिनीसला राहणारी त्यांची मुलगी अनुया रविवारी जेवणाचा डबा घेऊन यायची. असाच एक रविवार, ती निघाली तेव्हा पाऊस सुरू झाला, आणि तिने दाराशेजारची छत्री उचलली.

"बाबा, हे काय आहे?"

"स्टिकर."

"ते दिसतंय मला. आईच्या छत्रीवर?" तिने मूठ फिरवून पाहिली. ती हिशेबाच्याच धंद्यातली. तिला फार वेळ लागला नाही. "तुम्ही आईच्या कार्डावर जाता?"

"कार्ड तिचं आहे."

"आई नाहीये, बाबा."

"मला माहीत आहे, अनू. सर्टिफिकेट मीच डाउनलोड केलं."

अनुया पुन्हा आत येऊन खुर्चीवर बसली. छत्री मांडीवर आडवी धरली होती. "हे तुम्ही करताय? तुम्ही? मी दहावीत बसमध्ये लहान भावाचा पास वापरला होता, तेव्हा तुम्ही मला परत स्टॉपवर नेलं होतंत. माफी मागायला."

"मागितलीस का?"

"ड्रायव्हरला कळेना, कशाबद्दल!" तिला हसू आलं आणि ते तसंच अर्धवट राहिलं. "बाबा, स्वतःचं काढा ना. फ्री आहे, लाह. फोटो दिला की झालं." इथल्या बोलण्यातलं 'लाह' तिच्या मराठीतही शिरलं होतं.

"एका घरात दोन कार्डं कशाला?"

इतक्या वर्षांचं वाक्य. विचार न करता निघालं. अनुयाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. छत्रीच्या मुठीवरचा एक सुटत आलेला स्टिकर तिने अंगठ्याने दाबून बसवला.

"आता काढलंत तरी एकच होईल, बाबा," ती म्हणाली.

मग तिने ती छत्री होती तिथे ठेवली, टिपणीसांची काळी छत्री घेतली, आणि गेली.

यानंतर टिपणीस काही दिवस वाचनालयात गेले नाहीत. गेले तेव्हा काउंटरवर चार भाषांत एक सूचना लावलेली होती. जुनी कार्डं महिनाअखेर बंद होत आहेत. नवीन कार्डावर फोटो असेल. प्रत्येक कार्डधारकाने स्वतः येऊन ते घ्यावं. न आल्यास सदस्यत्व आपोआप रद्द, कारण: नूतनीकरण केले नाही.

तसं पाहिलं तर ही सुटका होती. गप्प बसायचं आणि महिना संपू द्यायचा. कार्ड आपणहून मिटेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणी काही विचारणार नाही. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यांनीच हा मार्ग अहवालात 'सोयीस्कर' म्हणून नोंदवला असता. पण कारणाचे ते शब्द त्यांनी पुन्हा वाचले. नूतनीकरण केले नाही. मीनल? जी आजारपणात, सलाइन लागलेल्या हाताने, पुस्तकाची मुदत फोनवरून वाढवून घ्यायची? त्या वाचनालयातली एक फळी मराठी पुस्तकांची होती आणि ती पुस्तकं तिने भारतातून येताना स्वतःच्या कपड्यांचं वजन कमी करून आणलेली होती. तिच्या नावापुढे कायमचं लिहिलेलं राहणार, की हिने कंटाळा केला. आली नाही.

खोटं तर ते गेलं वर्षभर बोलतच होते. पण ते खोटं त्यांचं होतं. हे तिच्या नावावर चढणार होतं.

महिना संपत आला तेव्हा ते सकाळी गेले. मुद्दाम सकाळी. मदाम रोझनाह काउंटरमागे उंच स्टुलावर, गुडघा सरळ करून बसल्या होत्या. टिपणीसांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अंकल! लाँग टाइम नेव्हर सी. मिसेस कुठे? फोटो काढायला तिला यावं लागेल, हां. तुम्ही चालणार नाही."

टिपणीसांनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि रोझनाहंनी सवयीने त्यावर यंत्र फिरवलं. "ती गेली," ते म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, त्यामुळे मराठीत 'गेली' म्हणून जे टाळता येतं ते टाळता आलं नाही. "गेल्या ऑगस्टमध्ये."

"या अल्लाह, अंकल." रोझनाहंनी तोंडावर हात ठेवला. मग, अशा वेळी डोळ्यांना कुठेतरी ठेवावं लागतं म्हणून, त्यांनी समोरच्या पडद्यावर ठेवले. आणि पडद्यावर मीनलताईंच्या कार्डाची नोंद उघडलेली होती.

"अंकल," त्या हळूच म्हणाल्या, "ऑगस्टनंतर पास गेलेला दिसतोय. पुन्हा पुन्हा."

"मी नेला."

"कार्डहोल्डर हजर पाहिजे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नियम आधी मीच वाचला होता. तिने तर वाचलाही नव्हता."

"मग का?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तयार केलं नव्हतं. बाकी सगळ्यांची होती. त्यांनी ठाण्याची गोष्ट सांगितली. आजोबा, साठे, दर आठवड्याची दोन पुस्तकं. रोझनाहंनी ती ऐकून घेतली.

"आणि कुणी काही म्हणत नव्हतं?"

"काउंटरवरचा माणूस विचारायचा, आजोबांना मागचं आवडलं का?"

"तुमचे आजोबा अजून वाचतात?"

"वाचनालय बंद पडलं," टिपणीस म्हणाले. "नाहीतर वाचत असते."

रोझनाहंना हसू आलं आणि त्याबरोबरच डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. मग त्या सावरून बसल्या, कारण त्याही नियमाने चालणाऱ्या बाई होत्या. "अंकल, मला सांगावं तर लागेल. पासचा गैरवापर झाला तर कार्ड तीन महिने सस्पेंड."

"बरोबर आहे. कुणाचं?"

दोघांनी काउंटरवरच्या कार्डाकडे पाहिलं. कोपरे झिजलेले, मागे मीनलताईंची सही, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी गोलाकार. हा मुद्दा नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलेला नव्हता.

"ओके, लाह," रोझनाह शेवटी म्हणाल्या. "ते राहू दे. पण तुम्ही आलात कशाला, अंकल? आला नसतात तर आपोआप बंद झालं असतं. कुणाला कळलंही नसतं."

"कारण चुकीचं लागलं असतं."

रोझनाहंनी मान हलवली. त्यांना ते लगेच समजलं, किंवा समजल्यासारखं त्यांनी केलं. दोन्ही सारखंच सौजन्याचं होतं. पडदा त्यांनी फिरवून टिपणीसांकडे केला. सदस्यत्व बंद करण्याची कारणं एकाखाली एक होती: पत्ता बदलला, कार्ड हरवलं, नूतनीकरण केलं नाही. शेवटचं निधन.

"मी करू, की तुम्ही?" त्यांनी विचारलं.

टिपणीसांनी चष्मा वर सरकवला. बँकेत असताना मोठमोठी खाती बंद करताना त्यांनी हात कधी थांबवला नव्हता. आता थांबला. बाहेर कुणीतरी बुद्धिबळाची सोंगटी आपटली आणि कुणीतरी शिवी दिली. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि दाबलं. पडद्यावर नाव करडं झालं. गेलं नाही, करडं झालं.

बंद झालेल्या कार्डाला कोपऱ्यात भोक पाडायची तिथली पद्धत होती. रोझनाहंनी पंच काढला, सहीला लागणार नाही असा कोपरा निवडला, भोक पाडलं आणि कार्ड कचऱ्याच्या डब्यात न टाकता त्यांच्या हातात दिलं. मग दुसऱ्या हाताने फॉर्म पुढे केला. या वेळी टिपणीसांनी तो मागे सरकवला नाही.

"फोटोसाठी हसा थोडं, अंकल."

"गरज आहे?"

"नियम नाही. तशी प्रथा आहे."

फोटोतले टिपणीस हिशेब जुळत नसल्यासारखे दिसत होते. रोझनाहंनी कार्ड गरम गरम यंत्रातून काढलं आणि काचघराचा डबा शेजारी ठेवला. "आता तुम्ही कार्डहोल्डर. सोबती दर वेळी वेगळा चालतो, बरं का. डॉटर, शेजारी, एनीबडी."

"बघू," टिपणीस म्हणाले. मराठी माणसाचं 'बघू' कशासाठी असतं हे रोझनाहंना ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून त्या खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी ते काचघरात गेले. ऊन होतं, तरी मीनलताईंची छत्री हातात होती. दारावर तीच मुलगी होती. तिने समोर आलेल्या हिरव्या मुठीवरूनच त्यांना ओळखलं, पास हातात घेतला, आणि या वेळी विचारायच्याही आधी दोन स्टिकर काढून त्यांच्या तळहातावर ठेवले.

"टू, हां, अंकल?"

मागे रांग होती. एक चिनी आजी, तिची दोन नातवंडं, कॅमेरे घेतलेले पाहुणे. टिपणीसांनी हातावरच्या दोन हिरव्या वर्तुळांकडे पाहिलं. मग त्यातलं एक नखाने उचलून त्यांनी काउंटरवर तिच्यापुढे ठेवलं.

"वन," ते म्हणाले.

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. "आँटी नाही आली आज?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "माझं एकट्याचं कार्ड आहे."

आत थंडी होती. धबधब्यासमोरच्या बाकावर कुणीतरी बसलं होतं, म्हणून त्यांना पुढे जावं लागलं. त्या फांदीपाशी ते थांबले. पाटी तीच होती. इंग्रजी मजकूर त्यांनी दोनदा वाचला आणि मराठी शब्द शोधू लागले. मीनलला तो एका दमात सापडायचा. त्यांना सापडेना. शेजारून एक बाई मूल कडेवर घेऊन गेली, तिला वाट द्यायला ते जरा कडेला सरले आणि पुन्हा पाटीपुढे आले.

"हे दुसऱ्या झाडावर राहतं," त्यांनी सुरुवात केली. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. छत्रीवर भार देऊन ते थोडे पुढे वाकले, आणि पुढची ओळ वाचू लागले.